अणुसंकटांत घर सोडावें कीं घरींच राहावें?

अणुभट्टींतून किरणोत्सर्गी द्रव्यें हवेंत पसरूं लागलीं असतां निघून जावें कीं दारें लावून बसावें, हा प्रश्न शेतकऱ्यास इतरांहून बिकट आहे. कारण गोठा उचलून नेतां येत नाहीं. तारापूर येथें १९६९ पासून अणुवीज केंद्र असल्यानें हा विचार आपणांस परका नाहीं.

जपानांतील फुकुशिमा येथें मार्च २०११ मध्यें अणुभट्ट्या बिघडल्या, तेव्हां २० किलोमीटरांच्या आंतील लोकांस निघून जाण्यास व २० ते ३० किलोमीटरांमधील लोकांस घरांत राहण्यास सांगण्यांत आलें. परंतु बहुतांशीं त्या हद्दीबाहेर असलेल्या ईताते गांवावर वारा, पाऊस व बर्फ यांनीं तीं द्रव्यें आणून टाकलीं, व पुढें तें गांवही सोडावें लागलें. उलट, घाईनें हलविलेले इस्पितळांतील कित्येक वृद्ध रोगी प्रवासाच्या हालांनींच दगावले. तात्पर्य, केवळ अंतरावरून निर्णय करतां येत नाहीं.

सबब आमची सूचना अशी: प्रथम घरांत जाऊन दारें-खिडक्या लावाव्या व सरकारी सूचना ऐकावी. तत्पूर्वीं अवधि असल्यास गुरें गोठ्यांत घेऊन चारा-पाणी भरून ठेवावें, वैरण व विहीर झांकावी. बाहेर चरलेल्या गुरांचें दूध मुलांस देऊं नये. १९८६ सालीं चेर्नोबिलच्या अपघातानंतर अशा दुधामुळें पुष्कळ मुलांस कंठग्रंथीचा कर्करोग जडला. निघण्याचा हुकूम होतांच मात्र गुरांसाठीं मागें राहूं नये. फुकुशिमांत बांधलेलीं पुष्कळ जनावरें उपाशीं मेलीं, हें दुःख आम्ही जाणतों. म्हणूनच चाऱ्याची तजवीज आधीं करावी.