वेटर का टिकत नाहीत?

प्रश्न : देवनार डेपोजवळच्या ज्या हॉटेलात आम्ही नेहमी जातो, तिथले वेटर दर दोन-तीन महिन्यांनी बदललेले दिसतात. माटुंग्याच्या जुन्या उडुपी हॉटेलांत मात्र वर्षानुवर्षं तेच चेहरे. मालकांना चांगली माणसं मिळत नाहीत, की टिकवता येत नाहीत? आणि आपण दिलेल्या टिपचा त्यात काही उपयोग होतो का?
– एक वाचक, देवनार

उत्तर : माणसं मिळतात, पण टिकत नाहीत. त्याचं खापर माणसांच्या स्वभावावर फोडणं मला पटत नाही.

आधी माटुंगा पाहू. ए. रामा नायक लहानपणीच उडुपीकडून मुंबईत आले, हॉटेलांत राबले आणि 1942 साली त्यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. त्या काळच्या अनेक उडुपी मालकांची सुरुवात अशीच झाली होती. मोरीवर भांडी घासणारा पोऱ्या पुढे टेबलं पुसू लागायचा, मग आसपासच्या दुकानांत चहा पोचवणारा ‘बाहेरवाला’ व्हायचा, मग वेटर, आणि हिशेबात चोख निघाला तर गल्ल्यावर बसायचा. दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा हॉटेलातच मिळायची. दिवसा काम करून फोर्टातल्या कन्नड रात्रशाळांत शिकलेली मुलंही पुष्कळ. आज कपबशी विसळणारा उद्या स्वतःचं हॉटेल काढू शकतो, हे त्याला समोर दिसत होतं. म्हणून तो थांबत होता.

या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. ती कोवळ्या मुलांच्या श्रमावर उभी होती. 14 वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली, ते योग्यच झालं. चूक एवढीच झाली की मुलं गेली तशी वर चढायची शिडीही गेली, आणि नवी कोणी बांधली नाही.

उडुपी-मंगळुरूकडची पुढची पिढी शिकून दुसऱ्या कामांत गेली. आता उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, नेपाळकडची मुलं येतात. गोवंडीत चौघांत एक खोली घ्यायची आणि पगारातला मोठा हिस्सा गावी पाठवायचा. त्यात हॉटेलची वेळ अशी की दुपारी जेवणाची गर्दी, मग दोन-तीन तास काम नाही, आणि पुन्हा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. मधल्या वेळेचा पगार नाही आणि त्या वेळात धड आरामही नाही. माझ्या मते पगारापेक्षाही या वेळापत्रकाने माणूस जास्त थकतो. आठवड्याची सुट्टी ठरलेल्या वारी मिळते, की ‘बघू’ म्हणून टाळली जाते, यावर बरंच अवलंबून असतं.

भरती बहुतेक गाववाल्यांकडूनच होते. आणणारा नव्या मुलाची हमी घेतो, त्याला काम शिकवतो. ही पद्धत चांगली आहे, पण सगळा भटारखाना एकाच गावचा असला तर एका लग्नासाठी चौघं एकदम जातात, आणि एकाचा अपमान झाला की चौघंही निघतात.

उचल देऊन माणूस बांधून ठेवता येतो, हा समज बऱ्याच मालकांत आहे. त्याने माणूस अडकतो, टिकत नाही. त्यापेक्षा कायद्याने जे द्यायचंच आहे ते मालकाने नीट समजावून द्यावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या हॉटेलात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के, आणि उपचार कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही. भट्टीपाशी भाजणं रोजचंच असलेल्या वस्तादाला याचं मोल कळतं. तसंच ग्रॅच्युइटीचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये असले, तर पाच वर्षं पुरी करून जाणाऱ्याला 37,500 रुपये मिळतात. हा आकडा पहिल्याच दिवशी सांगणारा मालक मला भेटायला आवडेल.

शिडी मालकीपर्यंत नेता येते, याचा दाखला आपल्या देशातच आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी 1957 पासून सहकारी संस्था काढल्या आणि ती स्वतः चालवायला घेतली. अनेक इंडियन कॉफी हाउसं आजही कामगारांच्याच संस्था चालवतात.

आता टिप. ती वेटरच्या हातात पडते, आणि डोसा करणारा व मोरीवरचा तिच्यापासून दूर राहतो. न्यूयॉर्कचे हॉटेलमालक डॅनी मायर यांनी 2015 मध्ये टिप बंद करून पदार्थांचे भाव वाढवले, म्हणजे आतल्यांचा पगार वाढवता येईल. 2020 मध्ये त्यांना ती पद्धत सोडावी लागली. आपल्याकडे सोपा मार्ग आहे तो सामाईक डब्याचा : दिवसाची टिप एकत्र जमवून रात्री सगळ्यांत वाटायची. तुमच्या हॉटेलात असा डबा आहे का, हे गल्ल्यावर विचारा. असेल तर टिप त्यातच टाका. नसेल तर वेटरला जरूर द्या, आणि डब्याची सूचना मालकाच्या कानावर घाला. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं मालक ऐकून घेतो.