सेकंड शिफ्टचा आठवडा आणि 'आभाळमाया'

निगडीच्या यमुनानगरात आमचं घर. अण्णा टेल्कोत तीन पाळ्यांत होते, आता निवृत्त आहेत. सध्या आई, अण्णा आणि मी रात्रीची जेवणं आटोपली की जुन्या मराठी मालिका पुन्हा लावतो. त्यातून जे उमगलं ते लिहितेय.

१. जुनी मालिका कानांनीही बघायची असते.
'आभाळमाया' १९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा आईने ती निम्मीअर्धी ओट्याकडे तोंड करूनच बघितली. कोण आलंय, का रडतंय, पत्र कुणाचं आहे, सगळं पात्रं बोलून दाखवतात. आज ते बटबटीत वाटतं खरं. पण आपली प्रेक्षक या वेळी तव्यापाशी उभी आहे, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असायचं. पोळी करपू न देता तिला गोष्ट कळली पाहिजे. मला यात त्या बाईची कदर दिसते. दूरदर्शनवरच्या 'दामिनी'तली प्रतीक्षा लोणकरांची पत्रकारही आईला आधी आवाजानेच ओळखीची झाली.

२. बघितलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट वेगळी असते, आणि दोन्ही खऱ्या असतात.
अण्णांची पाळी दर आठवड्याला बदलायची. फर्स्टला असले की संध्याकाळी घरी. थर्डला जायच्या आधी एखादा भाग व्हायचा. सेकंडचा आठवडा मात्र कोरडा. ते घरी यायचे मध्यरात्री. आई उठून पिठलं गरम करायची आणि ताटासमोर बसून त्या दिवशीचा भाग सांगायची. मी गोधडीतून ऐकायची. ती नायिका सुधा जोशीचं बोलणं हळू आवाजात सांगायची, तिच्या नवऱ्याचं, शरदचं, जरा तुटक. म्हणजे दर तिसरा आठवडा अण्णांना मालिका तोंडी मिळाली.

आता तेच भाग अण्णा पहिल्यांदा डोळ्यांनी बघतात आणि मध्येच थांबवायला लावतात. "असं कुठं होतं? तू तर म्हणालीस, तिनं त्याला दारातच सुनावलं." पडद्यावर सुकन्या कुलकर्णींची सुधा गप्प उभी असते. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत हे कळूनही घर, नोकरी आणि मुली सांभाळणारी ही बाई. आई म्हणते, "तिनं सुनावायला पाहिजे होतं, म्हणून मी सुनावलं." आईच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते इतक्या वर्षांनी मला या एका वाक्यातून कळलं. अण्णांनाही कळलं असावं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी पुढचा भाग लावायला सांगितला.

जुन्या मालिका पुन्हा बघण्यातलं खरं सुख मला इथे सापडलं. कथा तर सगळ्यांना पाठच असते. ती बघताना आपल्या माणसांनी तेव्हा काय केलं, काय लपवलं, कुणाची बाजू घेतली, ते बाहेर येतं.

३. शीर्षकगीत पळवू नये.
'आभाळमाया'च्या गाण्याची अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज सुरू झाला की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या दारांतून एकच गाणं यायचं. त्याच आवाजावर पोरं खेळ सोडून घरी पळायची.

४. रोजची मालिका करणाऱ्यांच्या कष्टाला हसू नये.
एका वाक्यावर पाच जणांचे चेहरे, प्रत्येकावर कॅमेरा झेपावतो, मागे ढगांचा गडगडाट. हे मीही बघते. पण मी चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. रोजचा डिस्पॅच चुकवायचा नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे. रोज अर्ध्या तासाचा भाग वाहिनीला गेलाच पाहिजे, मग कलाकार आजारी असो की कथा अडकलेली असो. अशा दिवशी चेहरे ताणून मिनिटं भरावी लागतात. 'चार दिवस सासूचे' ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ चालली, भाग ३ हजारांच्या वर गेले. 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकारलेल्या रोहिणी हट्टंगडी एवढी वर्षं त्या सासूच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, आणि कंटाळवाण्या भागातही त्यांची नजर ढिली पडलेली मला दिसली नाही. कविता लाड यांच्या अनुराधेबद्दलही मी हेच म्हणेन.

५. मालिका घरातलं कॅलेंडर असते.
आमच्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच जायची. संध्याकाळी ती आली की सगळे मिळून टीव्हीसमोर, म्हणून गुरुवारचा भाग मला अजून वेगळा आठवतो. २००३ मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं, त्याच वर्षी 'वादळवाट' आली. घरात जास्त चर्चा अदिती सारंगधरने केलेल्या वकील रमा चौधरीची झाली. मुलीने वकील व्हावं, असं आई तेव्हापासून म्हणायला लागली.

६. एकट्याने बघितलं तर निम्मंच मिळतं.
कंपनीच्या बसमध्ये, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी मोबाइलवर भाग लावून बघितले. वेळ गेला, पण पोट भरलं नाही. आमच्या लाइनवरचा नांदेडचा एक मुलगा म्हाळुंग्याला कॉट बेसिसवर राहतो. तो आणि त्याची आई फोन चालू ठेवून 'तुझ्यात जीव रंगला'चे जुने भाग एकाच वेळी लावतात. त्यातला नायक राणादा दिसला की तिकडून आई बोलते, इकडून हा. मला त्याची पद्धत माझ्यापेक्षा बरी वाटते.

तुमच्या घरातही कुणी वर्षानुवर्षं सेकंड शिफ्ट केली असेल. त्यांना आता वेळ आहे. लगेच 'चार दिवस सासूचे'सारख्या अकरा वर्षं चाललेल्या मालिकेला हात घालू नका, 'आभाळमाया'चे जे भाग मिळतील तिथून सुरू करा. आणि तेव्हा ताट वाढून ज्यांनी गोष्ट सांगितली, त्यांना शेजारी बसवा. मध्ये बोलू द्या.