भागीदारीची किल्ली कोणाकडे?

आपल्या बाजारात भागीदारी कशी होते, हे सर्वांना माहीत आहे. दोघांची ओळख असते, एकाकडे पैसा असतो आणि दुसऱ्याकडे हुन्नर. बिस्मिल्लाह म्हणून हात मिळवला की धंदा सुरू होतो. हिस्सा किती, हे तोंडी ठरते. परवाना कोणाच्या नावावर, दुकानाचे नाव कोणाचे, वेगळे व्हायची वेळ आली तर काय, हे प्रश्न त्या वेळी काढणे अपशकुन वाटते. आणि पुढे नेमके याच प्रश्नांवर दोन घरे तुटतात.

ही चूक फक्त लहान दुकानदार करतात असे नाही. अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांनीही ती केली आहे. गेल्या पंचवीस वर्षांत परदेशी इंटरनेट कंपन्या, चित्रपट निर्माते आणि विद्यापीठे चीनशी भागीदारी करण्यासाठी धावली. कोणी मालामाल झाले, कोणी हात पोळून घेतले. आजच्या पाठात त्यांतील काही उदाहरणे पाहू.

सीमेपार भागीदारी आपल्याला नवी नाही. हजरत खदीजा (रजि.) यांचे भांडवल आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची मेहनत व सचोटी, या पायावर मक्केचा माल शाम देशाच्या बाजारात गेला होता. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असलेल्या या व्यवहारालाच फिकहमध्ये मुदारबत म्हणतात.

चीनचा दरवाजा

चीनमध्ये इंटरनेट, प्रसारमाध्यमे आणि प्रकाशन या धंद्यांत परदेशी मालकीवर कडक बंधने आहेत. परवाना स्थानिक कंपनीलाच मिळतो. मग परदेशी पैसा आत कसा गेला? त्यासाठी एक युक्ती निघाली. परवाना असलेली कंपनी चिनी नागरिकांच्या नावावर ठेवायची. परदेशी भागधारकांची कंपनी वेगळी असते. या दोन कंपन्यांत करार होतात आणि त्या करारांच्या आधारे नफा व नियंत्रण परदेशी भागधारकांच्या कंपनीकडे येते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बाहेरच्या भागधारकाच्या हातात दुकान नसते, दुकानाशी केलेला करार असतो. करार टिकला तर सर्व ठीक. तो मोडला तर हिस्सा कागदावर राहतो.

थांबलेले भांडवल

नॅस्पर्स ही दक्षिण आफ्रिकेची कंपनी १९१५ साली स्थापन झाली. वर्तमानपत्रे छापणे हा तिचा मूळ धंदा. नंतर ती दूरचित्रवाणीत आली आणि चीनमध्येही उतरली. तिथे स्वतः उभा केलेला धंदा चालला नाही, पैसा बुडाला. यावरून तिने धडा घेतला, की परक्या मुलुखात स्वतः दुकान थाटण्यापेक्षा तिथल्या चांगल्या कारागिराच्या मागे उभे राहावे.

२००१ साली तिने शेन्झेन शहरातील टेन्सेंट या लहान कंपनीचा सुमारे साडेसेहेचाळीस टक्के हिस्सा ३ कोटी २० लाख डॉलरला घेतला. टेन्सेंट १९९८ मध्ये सुरू झाली होती. तिची निरोप पाठवण्याची सेवा लोकांना आवडत होती, पण कमाईचा मार्ग धड सापडला नव्हता. नॅस्पर्सने रोजच्या कारभारात हात घातला नाही. चालवणारे मा हुआतेंग आणि त्यांचे साथीदारच राहिले. २००४ मध्ये टेन्सेंट हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली, २०११ मध्ये तिने वीचॅट काढले. नॅस्पर्सने त्यातील केवळ २ टक्के शेअर २०१८ मध्ये विकले, त्याचे ९८० कोटी डॉलर आले. २०२१ मध्ये तिच्या समूहाने आणखी २ टक्के विकले, त्याचे १,४७० कोटी आले.

सतरा वर्षे धीर धरणारे भांडवल आणि काम जाणणाऱ्याच्या हाती कारभार, एवढाच या यशाचा हिशेब आहे. यात नशिबाचा वाटा आहेच. पण ज्याला जे येते ते त्याने करावे, ही शिस्त नशिबाने येत नाही.

याहूचा हिस्सा आणि अलीपेची किल्ली

दुसरे उदाहरण अधिक बारकाईने पाहावे. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या याहूने हाँगझोऊच्या अलीबाबा कंपनीत १०० कोटी डॉलर घातले. आपला चीनमधला सारा धंदाही तिच्या स्वाधीन केला. बदल्यात सुमारे ४० टक्के हिस्सा मिळाला. सर्वांत मोठा भागीदार याहू, पण कारभार जॅक मा यांच्याकडे.

अलीबाबाच्या घरातच अलीपे नावाची एक सेवा वाढत होती. ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाईक विक्रेत्याला ओळखत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचे पैसे अलीपेकडे थांबायचे आणि माल हाती पडल्यावर विक्रेत्याला मिळायचे. ही अमानत ठेवण्याची सोय झाली म्हणूनच लोकांनी विश्वास टाकला. म्हणजे अलीपे ही त्या साऱ्या बाजाराच्या गल्ल्याची किल्ली होती.

२०१० मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने नियम काढला, की अशा सेवांना परवाना लागेल. परदेशी भांडवल असलेल्या कंपन्यांसाठी वेगळे नियम होतील, असेही त्यात होते. जॅक मा यांनी अलीपेची मालकी अलीबाबाबाहेर काढून स्वतःच्या ताब्यातील चिनी कंपनीकडे नेली. ती नियंत्रणात ठेवणारे करारही संपवले. मे २०११ मध्ये याहूने ही गोष्ट आपल्या भागधारकांना कळवली, तेव्हा बाजारात खळबळ उडाली आणि याहूचे शेअर घसरले.

याहूचे म्हणणे असे, की हे आमच्या परवानगीशिवाय झाले आणि आम्हाला ३१ मार्च २०११ रोजी कळले. अलीबाबाचे म्हणणे असे, की मालकी चिनी हातात गेल्याचे संचालक मंडळाला जुलै २००९ मध्येच सांगितले होते, आणि तसे केले नसते तर परवानाच मिळाला नसता. बाहेरच्या माणसाने न्यायनिवाडा करण्यात अर्थ नाही. पण जगातल्या मोठमोठ्या वकिलांना पोसणाऱ्या दोन कंपन्यांत 'सांगितले होते' आणि 'सांगितले नव्हते' हा वाद व्हावा, यातच आपला धडा आहे.

जुलै २०११ मध्ये समझोता झाला. अलीपे पुढे शेअर बाजारात आली तर अलीबाबाला किमान २०० कोटी आणि कमाल ६०० कोटी डॉलर मिळतील, असे ठरले. म्हणजे मालकाचा हिस्सा जाऊन त्या जागी मर्यादा घातलेली भरपाई आली.

याहू बुडाली का? नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये अलीबाबा न्यूयॉर्कच्या बाजारात आली आणि २,५०० कोटी डॉलर उभे राहिले. याहूला हिश्श्यापोटी अफाट पैसा मिळाला. पण तिचा स्वतःचा मूळ धंदा २०१७ मध्ये सुमारे ४४८ कोटी डॉलरला विकला गेला. मागे उरलेल्या अलीबाबाच्या शेअरची किंमत त्याच्या कितीतरी पट होती. दुसऱ्याच्या दुकानातला हिस्सा पिकला, स्वतःचे दुकान मात्र सुकले. भागीदारीच्या नफ्यावर विसंबून आपला हुन्नर सोडू नये, हा त्यातला दुसरा धडा.

भागीदाराचा नकाशा

२०१२ मध्ये अमेरिकेच्या ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने चिनी भागीदारांबरोबर शांघायमध्ये कंपनी काढली. हिस्सा ४५ आणि ५५ टक्के. संयुक्त निर्मितीचा दर्जा मिळाला तर परदेशी चित्रपटांच्या संख्येवरील मर्यादा लागू होत नाही आणि तिकीट विक्रीतला वाटाही वाढतो, हा त्यातला फायदा. २०१६ चा 'कुंग फू पांडा ३' असाच तयार झाला. चिनी भाषेसाठी पात्रांच्या ओठांची हालचालही वेगळी काढली होती.

२०१८ मध्ये ती कंपनी पूर्णपणे चिनी मालकीची झाली, तरी दोघांचे एकत्र काम चालू राहिले. २०१९ च्या 'अबॉमिनेबल' चित्रपटात भिंतीवर एक नकाशा दिसला. त्यात दक्षिण चीन समुद्रावर चीनचा दावा सांगणारी रेषा होती. व्हिएतनामने चित्रपट उतरवला. मलेशियाच्या परिनिरीक्षण मंडळाने ते दृश्य कापायला सांगितले, वितरकाने नकार दिला आणि चित्रपट तिथे लागलाच नाही. क्षणभराच्या दृश्यामुळे दोन बाजार गेले. भागीदाराचे भांडण आपल्या मालावर छापले गेले, की त्याची किंमत आपल्यालाही मोजावी लागते.

इल्म कोठे जाते?

पैशाप्रमाणे ज्ञानाचीही भागीदारी होते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने बीजिंगमध्ये संशोधन केंद्र काढले. तिथल्या चौघांनी २०१५ मध्ये चित्रे ओळखणारी संगणक पद्धत काढली, ती जगभर वापरली गेली. याच केंद्रातील वांग जियान २००८ मध्ये अलीबाबाकडे गेले आणि तिचा संगणक सेवांचा मोठा व्यवसाय त्यांनी उभा केला. उस्तादाच्या कारखान्यातून शागीर्द बाहेर पडणारच. त्यात वाईट काही नाही.

वाईट कधी होते? इल्म कोणाच्या विरुद्ध वापरले जाईल, हे न विचारता दिले तेव्हा. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेने २०१८ मध्ये आयफ्लायटेक या चिनी कंपनीशी पाच वर्षांचा संशोधन करार केला. ही कंपनी माणसाचा आवाज ओळखणारे तंत्र बनवते. शिनजियांगच्या पोलिसांसाठी आवाजावरून माणूस ओळखण्याच्या कामात तिचा सहभाग असल्याचा अहवाल ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१७ मध्येच दिला होता. शिनजियांग हा आपल्या उइगर मुस्लिम बांधवांचा प्रदेश. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने तेथील मानवी हक्कांच्या कारणावरून या कंपनीला काळ्या यादीत टाकले आणि २०२० मध्ये एमआयटीने करार संपवला.

अहवाल आधी आला होता, करार नंतर झाला. चौकशी करायला वेळ होता. ज्याला धंद्यात हलाल-हरामचा विचार करायचा आहे, त्याला 'मी फक्त तंत्र दिले' असे म्हणून सुटता येत नाही.

आपण काय घ्यावे?

१. हिस्सा आणि ताबा वेगळे असतात. परवाना, दुकानाचे नाव, बँक खाते, गिऱ्हाइकांची यादी आणि आता मोबाइलवरचे दुकानाचे खाते, यांतील काय कोणाच्या नावावर आहे ते लिहावे.

२. करार लेखी असावा आणि साक्षीदार असावेत. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे नव्हे, हे ज्याला पटत नाही त्याने ती समजून घेऊन वाचावी.

३. वेगळे होण्याची रीत जुळण्याच्या दिवशीच ठरवावी. मालाची किंमत कोण करील, उधारी कोण वसूल करील, नाव कोणाकडे राहील, हे लिहावे.

४. नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे. मुदारबतमध्ये कारागिराची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा, कारागिराची मेहनत वाया जाते. तोटा सगळा कारागिराच्या माथी मारणे इन्साफ नव्हे.

५. सरकारी नियम बदलला तर काय, हे विचारावे. भारत सरकारने एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला मंजुरीची अट घातली आणि २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. फक्त टिकटॉकवर आपले गिऱ्हाईक जमवलेल्यांची तेथली ओळख त्याबरोबर गेली.

६. भागीदार काय विकतो आणि कोणाला विकतो, याची चौकशी सही करण्याआधी करावी.

अभ्यासासाठी

आज रात्री वही घेऊन बसा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. माझ्या धंद्याची किल्ली कोणती? ती कोणाच्या नावावर आहे? उद्या मी नसलो, तर माझ्या मुलांना आणि भागीदाराला माझा हिस्सा कागदावरून समजेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर भागीदाराला चहाला बोलवा आणि कागद तयार करा. संबंध चांगले आहेत तोवरच हे काम सोपे आहे.

अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी आणि बरकत देवो. आमीन.