दहा बाय दहा आणि बत्तीस फूट

प्रश्न : मी चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे. महाळुंग्यात दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही तिघं राहतो आणि चार दिवसांत एकमेकांना कंटाळतो. मग एवढ्याशा होडीत माणूस महिनोन्महिने कसा राहतो? पाणी, झोप, जेवण यांचं काय? – एक वाचक, महाळुंगे इंगळे

उत्तर : आधी माप सांगतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज दर्यावर्दी जून 1968मध्ये ‘सुहेली’ या शिडाच्या होडीतून निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता, एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून 312 दिवसांनी परतला. असं करणारा तो पहिलाच. होडीची लांबी 32 फूट, रुंदी सुमारे 11. त्यातही पुढचं-मागचं निमुळतं अंग, दोर आणि शिडं वजा करा; पाय पसरायला उरते ती जागा तुमच्या खोलीपेक्षा कमीच. आणि ही होडी परकी नाही. ती मुंबईत, सागवानात, इथल्याच सुतारांनी बांधली. पन्नास वर्षांनी, एकट्यानं पृथ्वीला वळसा घालायच्या 2018च्या शर्यतीसाठी, तिचीच प्रतिकृती ‘थुरिया’ गोव्यात तयार झाली. ती घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी निघाले होते.

आता पाणी. पिंपरी-चिंचवडला 2019च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा घरोघरी पिंपं आली. होडीवाल्याचा नळ तर निघतानाच बंद होतो. पिण्या-शिजवण्याला माणशी रोज दोन-तीन लिटर, बस्स. तेही एकाच टाकीत ठेवणं धोक्याचं. ‘सुहेली’च्या टाक्यांतलं पाणी दक्षिणेच्या वादळी समुद्रात खराब झालं आणि पुढचा सगळा प्रवास कॅनमधल्या आणि पावसाच्या पाण्यावर झाला. टॉमींनी 2012-13मध्ये ‘म्हादेई’तून बिनथांबा प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळलं. म्हणून जाणता खलाशी पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवतो. पाऊस आला की शिडाखाली बादली लावतो, पण पहिली सर जाऊ देतो, कारण ती शिडावरचं मीठ धुऊन आणते. आंघोळ खाऱ्या पाण्यानं. साध्या साबणाला त्यात फेस येत नाही. शेवटी एक तांब्या गोडं पाणी अंगावर घ्यावंच लागतं. नाहीतर अंगावरचं मीठ हवेतला ओलावा ओढतं, कपडे वाळत नाहीत आणि कातडीला फोड येतात.

झोप तुकड्यातुकड्यांनी. जहाजांच्या वाटेवर एकटा माणूस गजर लावून वीस-वीस मिनिटं डुलक्या काढतो. माणसं जास्त असली की पाळ्या लागतात. लष्कराच्या इंजिनिअर्सनी 37 फुटी ‘तृष्णा’तून 1985 ते 1987मध्ये जगप्रदक्षिणा केली; शिडाच्या होडीतून असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. याच इंजिनिअर्सचं कॉलेज तुमच्या पुण्याच्या वाटेवर, दापोडीला आहे. अशा होड्यांवर एक जण पाळीवर गेला की त्याच्या कॉटवर दुसरा आडवा होतो. फर्स्टवाला गेला की नाईटवाला येऊन झोपतो, हा हिशेब तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

जेवण म्हणजे डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे, डबाबंद पदार्थ. डब्यांवरचे कागद ओलीनं सुटतात, म्हणून झाकणावरच रंगानं नाव लिहून ठेवतात. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते; होडी कलली तरी कुकर सरळ. भाजी संपली की ओल्या फडक्यात मूग बांधायचे. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि क जीवनसत्त्वाची सोय होते.

मग माणूस कंटाळत कसा नाही? कंटाळतो. पण अडखळत नाही. तुमच्या कंपनीत भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता असेल : नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा. होडीत तो तक्ता लावावा लागत नाही, समुद्रच शिकवतो. ‘सुहेली’ गळू लागली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टननं भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून फटीवर कॅनव्हासची पट्टी चुकांनी ठोकली. चुका आणि हातोडी कुठे आहे हे शोधत बसण्याची ती वेळ नव्हती.

मात्र त्याच्या अडचणीला आणि तुमच्या अडचणीला एकच नाव देऊ नका. त्यानं ती जागा हौसेनं निवडली होती, दाराबाहेर अख्खा समुद्र होता आणि किनाऱ्यावर उतरलं की सुटका होती. तुमची खोली पगार आणि भाडं यांच्या मेळातून आली आहे. तिला कुणी ‘साधी राहणी’ म्हटलं तर मान डोलावू नका.

उचलण्यासारखी गोष्ट एकच : होडीत जमिनीवर काही ठेवत नाहीत, सगळं भिंतीला टांगलेलं किंवा बांधलेलं. तिघांनी तीन भिंती वाटून घ्या. फक्त खिळे ठोकायच्या आधी घरमालकाला विचारा. त्या बाबतीत तो समुद्रापेक्षा कडक असतो.