तिसऱ्या पिनेविषयी

भिसेगाव, ता. कर्जत,
आषाढ शुद्ध अष्टमी.

चिरंजीव बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

पत्रास कारण की, परवा तुझी डोंबिवलीची आत्या दुपारच्या कर्जत लोकलने येथे आली आणि चहाचा पेला हातात घेता घेता मोठ्या कौतुकाने म्हणाली की, बाळने नवा टीव्ही दादांच्या ॲम्प्लिफायरला जोडला, प्रथम त्यातून भयंकर घरघर येत होती, परंतु मुलगा हुशार, प्लगची वरची जाड पिन पकडीने कापून टाकताच घरघर पार थांबली. आत्याच्या वर्दीत तिखटमीठ किती असते हे मी जाणून आहे (तुझ्या मुंजीत आचारी पळून गेल्याची तिची हकीकत तुला ठाऊकच आहे), आणि म्हणूनच हेही वर्तमान खोटे निघावे अशी आशा धरून लिहीत आहे. खरे असेल, तर पुढचा मजकूर वाचण्यापूर्वी ऊठ, तो प्लग भिंतीतून काढ, आणि मग वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी रागावतो, तू ‘हो काका’ म्हणतोस, आणि काम होते तेथेच राहते.

माझी हयात रेल्वेच्या विद्युत खात्यात गेली. घाट चढणाऱ्या गाड्यांना जेथे बँकर इंजिने लागतात त्या या स्टेशनात, १५०० व्होल्टच्या तारांखाली वावरताना मी एकच गोष्ट नीट शिकलो, ती ही की वीज जमिनीत जाण्याचा मार्ग आपण आधी करून ठेवला नाही तर ती स्वतः शोधते, आणि तिला सापडणारा मार्ग पुष्कळदा माणूस असतो. तुम्हां शिकलेल्या मंडळींना वाटते की यंत्र दोन पिनांवर चालते, तेव्हा तिसरी ही केवळ सरकारी शिरस्त्यापुरती. आपल्याकडच्या प्लगात ती इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब केली आहे ती याचसाठी की, प्लग खोचताना तिने सर्वांच्या आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावे. दादांच्या ॲम्प्लिफायरची पेटी सबंध पत्र्याची. आतला ट्रान्सफॉर्मर चाळिशीला टेकलेला. त्याच्या वेटोळ्यांवरचे वार्निश एखाद्या पावसाळ्यात दगा देईल आणि फेज बॉडीला लागेल. त्या क्षणी अर्थिंग जागेवर असले तर प्रवाह जमिनीत उतरतो, फ्यूज उडतो आणि फार तर तुझा सिनेमा बुडतो. ते नसले तर फ्यूज शाबूत राहतो, दिवा जळत राहतो, गाणेही सुरेल चालू राहते, आणि तो पत्रा कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत बसतो. भिंत, कपाट, दिसेल ती वस्तू धरून उभे राहणारे तुझ्या घरात सध्या कोण आहे, हे मी लिहावयास हवे काय?

असो. रागाच्या भरात उपाय सांगायचा राहू नये. घरघरीचा दोष त्या पिनेचा नाहीच. तुझा ॲम्प्लिफायर तुझ्या भिंतीतल्या अर्थाला बांधलेला, आणि केबलवाल्याची गोल वायर कोठल्या तरी दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला लागलेली. या दोन जमिनींत किंचित दाबाचा फरक असतो, त्यामुळे तुझ्या ऑडिओ वायरीच्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि मेन्सचा ५० हर्ट्झचा सूर स्पीकरमध्ये येऊन बसतो. खातरजमा करावयाची असल्यास सेट टॉप बॉक्समधून केबलवाल्याची वायर क्षणभर काढून पाहा. घरघर थांबली तर चोर सापडला. पिन कापल्यानेही ती थांबते, हे आत्या म्हणते ते अक्षरशः खरे आहे, आणि घात तेथेच आहे.

तेव्हा दोन्ही यंत्रांमध्ये तांबे ठेवूच नकोस. हेडफोनच्या भोकातून तांबडी-पांढरी वायर काढलीस तर तांबे आलेच. एचडीएमआयच्या एआरसीची सोय दादांच्या पेटीला कोठून असणार? ब्लूटूथला तार नाही हे खरे, परंतु त्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात, आणि टीव्हीतील विलंबाचे बटण बहुधा आवाज आणखी मागेच ढकलते, पुढे आणीत नाही. राहिली ऑप्टिकल केबल. तोशिबा कंपनीने १९८३ साली काढलेल्या या युक्तीत वायरीतून वीज जातच नाही, उजेड जातो. टीव्ही चालू असताना टोकाकडे पाहिलेस तर तांबडा ठिपका दिसेल. तिच्यासाठी एक लहानशी कन्व्हर्टरची डबी मिळते, ती ॲम्प्लिफायरपाशी ठेव. तिला वीज मात्र टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नकोस, नाहीतर काढून टाकलेले तांबे मागील दाराने परत येईल. वेगळा ॲडॅप्टर लाव. टीव्हीच्या ध्वनीच्या तपशिलात ‘पीसीएम’ निवड, कारण बाकीची सांकेतिक लिपी ती साधी डबी बहुधा वाचीत नाही. आणि जोडताना दादांनी पांढऱ्या रंगाने स्वहस्ते ‘टेप’ लिहिले आहे त्या भोकात जोड, ‘तबकडी’ लिहिलेल्यात नव्हे. तबकडीच्या सुईकडून काही सहस्रांश व्होल्ट येतात, या डबीतून दोन व्होल्टपर्यंत येतील, आणि मग जे ऐकू येईल त्याला संगीत म्हणता येणार नाही.

ही अक्षरे लिहिताना मला आठवले की हे सर्व एकदा या घरात होऊन गेले आहे. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, आणि रविवारी सकाळी साडेनऊला आपल्या ओटीवर इतकी माणसे जमू लागली की मागच्यांना चित्र दिसेना नि शब्दही ऐकू येईना. दादांनी लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जुळवलेला तो ॲम्प्लिफायर टीव्हीला जोडावा असा सर्वांचा आग्रह पडला. त्या काळच्या पुष्कळ टीव्हींचा आतला सांगाडा थेट मेन्सशी जोडलेला असे, हे दादांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी मध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर घातल्याखेरीज वायरीला हात लावू दिला नाही, आणि त्यात दोन रविवार गेले. मी तेव्हा नुकताच नोकरीत कायम झालेला, अंगात खाकी आणि डोक्यात वारा. दादा सोल्डरिंग करीत बसले की ‘बस रे थोडा’ म्हणत. मी पत्ते खेळायला स्टेशनाकडे निघून जाई. संध्याकाळी ते भीमसेनांची तबकडी लावीत, तेव्हाही तसेच म्हणत. आज ती पेटी पुन्हा जुळवावयाची म्हटली तर कोणता भाग कोठे जातो हे मला सांगता येणार नाही, आणि विचारावे असा माणूस उरला नाही. तू ती भंगारात न घालता आपल्या घरी नेलीस, स्वच्छ केलीस, तिच्यातून पुन्हा आवाज काढलास, हे आत्याने सांगितले तेव्हा, खरे सांगतो, पिनेची गोष्ट ऐकण्यापूर्वी माझा ऊर भरून आला होता.

म्हणून रागावलो ते मनात धरू नकोस. तुझे हात दादांचे आहेत, धीर तेवढा माझ्यावर गेला आहे. पिन खरोखर कापली असलीस तर दुकानातून नवा तीन पिनांचा प्लग आण, आणि ‘अर्थ’च्या खुणेला हिरवी वायर लागली आहे ना हे दोनदा पाहा. स्वतःचा भरवसा वाटत नसेल तर तूर्त काही करू नकोस. पेटी भिंतीपासून दूर, चिमीचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेव, मीच येतो. वाऱ्याच्या रात्री घाटावर विजा चमकू लागल्या की सेट टॉप बॉक्सची वायरही काढून ठेवीत जा. गणपतीला येताना पेटी घेऊन यावे असे तुझ्या मनात असल्यास लोकलच्या गर्दीत ती उचलून आणू नकोस, तुझी पाठ लहानपणापासून नाजूक. गाडी करून ये, भाड्याची तजवीज माझ्याकडे. चार दिवस ती येथे ओटीवर राहील, तू जोडशील, मी शेजारी बसेन आणि या खेपेस उठणार नाही. काकूने तुझ्यासाठी आंबोशी बरणीत भरून ठेवली आहे, आणि चिमीचे पाऊल मोठे झाले असेल तर मापाचा कागद पाठव, येथील चांभाराकडून चप्पल करून घेतो.

पिन आहे की नाही, एवढे मात्र आजच्या आज फोन करून कळव. काकूजवळ सांगितलेस तरी चालेल.

तुझा,
काका