हिरोशिमाची सहल

शाळेची सहल जाणार असे फळ्यावर लिहिले की वर्गात केवढा गलका होतो, हे तुम्हांला सांगायला नको. कोण कोणाशेजारी बसणार, डब्यात काय न्यायचे, याची चर्चा लगेच सुरू होते. पण सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांच्या मनात त्या वेळी काय चालते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? ते मनातल्या मनात मुले मोजत असतात. जेवढी नेली, तेवढी परत आणायची, ही त्यांची मोठी काळजी.

मी काही काळ जपानमधील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते. तेथे मुले शिक्षकांना 'सेन्सेई' म्हणतात. तुम्ही ज्या आदराने 'गुरुजी' म्हणता, तोच आदर या शब्दात आहे. २०१४ साली शाळेच्या शेवटच्या वर्गाची सहल हिरोशिमाला निघाली. मुले चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची. इतर शिक्षकांबरोबर मलाही पाठवण्यात आले.

जपानमध्ये अशी सहल अभ्यासाचाच एक भाग मानतात. तिचे नावच मुळी 'अभ्यासप्रवास' अशा अर्थाचे आहे. ही प्रथा फार जुनी आहे. १८८६ साली तोक्यो येथील शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे विद्यार्थी कित्येक दिवसांच्या पायी प्रवासाला निघाले होते. तेव्हापासून ही चाल देशभर पसरली.

तयारी किती असते म्हणून सांगू! शिक्षक आधी स्वतः जाऊन रस्ता, मुक्काम आणि दवाखाना पाहून येतात. प्रत्येक मुलाला एक छोटी छापील पुस्तिका मिळते. कोठे किती वाजता पोहोचायचे, सोबत काय घ्यायचे, कोणत्या खोलीत कोण झोपणार, हे सारे तिच्यात असते. शेवटी टिपणासाठी कोरी पाने असतात. पाच-सहा मुलांचा एक गट आणि त्याचा एक प्रमुख. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर राहायचे, हा नियम. वेगवान शिंकान्सेन गाडी मधल्या स्थानकावर जेमतेम एक-दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात शंभर मुले आत चढली पाहिजेत. म्हणून आमच्या मुलांनी शाळेच्या सभागृहात जमिनीवर खडूने दारे आखून चढण्याचा सराव केला होता. मला आधी हसू आले. पण गाडी आली, मुले चढली, दार बंद झाले आणि फलाटावर एक पिशवीसुद्धा मागे राहिली नाही!

तेथील मुले फार शिस्तीची असतात म्हणून ती खोडकर नसतात, असे मात्र समजू नका. लहान मुलांच्या सहलीत खाऊवर किती पैसे खर्च करायचे हे ठरवून दिलेले असते. त्यामुळे "सेन्सेई, केळे खाऊत धरायचे का?" हा प्रश्न जपानमध्ये एक प्रसिद्ध विनोदच होऊन बसला आहे. आमच्या मुलांनी गाडीत तोच प्रश्न मला तीनदा विचारला. रात्री दिवे मालवल्यावर उश्यांची लढाईही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शांतता उद्यानात गेलो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता या शहरावर अमेरिकेच्या विमानाने अणुबॉम्ब टाकला. तो जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मरण पावली. नदीकाठी एका इमारतीचा घुमट तेव्हा जसा उरला, तसाच राखून ठेवला आहे.

आमच्या मुलांनी महिनाभर खपून कागदाचे एक हजार क्रौंच पक्षी केले होते. ते त्यांनी बालशांती स्मारकापाशी ठेवले. या स्मारकामागे सादाको सासाकी या मुलीची आठवण आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. बरे वाटावे या आशेने ती रुग्णालयात असे पक्षी घडत असे. कागद मिळाला नाही तर औषधाच्या वेष्टनाचा. १९५५ साली, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, देशभरच्या शाळांतून पैसे जमले आणि १९५८ साली हे स्मारक उभे राहिले.

मग आम्ही संग्रहालयात गेलो. दारापाशी एक मुलगी थांबली आणि तिने मान हलवली. शाळेच्या परिचारिका तिच्याबरोबर बाहेर बाकावर बसल्या. तिला कोणी भित्री म्हटले नाही. मला ते फार योग्य वाटले.

आत एका काचेमागे एक डबा आहे. तुमच्या-माझ्या डब्यासारखाच. आतले अन्न जळून कोळसा झालेले. हा डबा शिगेरु ओरिमेन या तेरा वर्षांच्या मुलाचा. त्या काळी शाळेतील मुलांना घरे पाडून मोकळी जागा करण्याच्या कामाला लावले होते, म्हणजे हवाई हल्ल्यात आग पसरू नये. शिगेरु आईने दिलेला डबा घेऊन कामावर गेला. आईला पुढे तो सापडला. शरीराखाली डबा तसाच होता. त्याच्या शाळेच्या पहिल्या वर्गाची तीनशेहून अधिक मुले त्या सकाळी नदीकाठी जमली होती. बरोबर शिक्षकही होते. त्यांतले कोणीही वाचले नाही.

शिक्षकांनी त्या सकाळीही मुले मोजली असतील. काचेसमोर उभी असताना मला तेच आठवत राहिले.

दुपारी उद्यानातल्या झाडांखाली सर्वांनी डबे उघडले. गाडीत केळ्याचा प्रश्न विचारणारा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ त्याने झाकण उघडले नाही. मग त्याने विचारले, "सेन्सेई, तुमच्या देशाकडे असा बॉम्ब आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "भारताने १९७४ साली आणि पुन्हा १९९८ साली अणुचाचण्या केल्या. १९९८ च्या त्याच मे महिन्यात आमच्या शेजारच्या पाकिस्ताननेही केल्या."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग तिथली मुले हे बघायला येतात का?"

"फार थोडी. खूप दूर आहे, आणि प्रवासाला पैसेही पुष्कळ लागतात."

"त्यांना डब्याबद्दल माहीत आहे?"

"नसेल," मी म्हणाले. "मी परत गेल्यावर सांगेन."

त्याने पुस्तिका काढली, कोऱ्या पानावर काहीतरी लिहिले आणि मग डबा उघडून जेवायला सुरुवात केली. दीड वाजता शिट्टी वाजली. गटप्रमुखांनी आपापली मुले मोजून मोठ्याने आकडे सांगितले. सगळी हजर होती.