प्लंबर : पाण्याचा कारागीर



आपल्या शाळेच्या टाकीजवळचा नळ पाहिलात का? दिवाळीपर्यंत तो सारखा गळत होता. एके दिवशी मी त्याखाली लिटरचे माप ठेवले. वीस मिनिटांत ते भरले. म्हणजे तासाला ३ लिटर आणि दिवसरात्र मिळून ७२ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर जवळजवळ पाच हंडे! उन्हाळ्यात एवढ्या पाण्यासाठी माझ्या आईला विहिरीच्या पाच खेपा घालाव्या लागतात.

माझा मामा उल्हासनगरला प्लंबर आहे. तो आमच्याकडे आला तेव्हा गुरुजींना विचारून मी त्याला शाळेत आणले. त्याने आधी मागचा कॉक बंद केला, नळ उघडला, आतला झिजलेला रबरी वॉशर काढून नवा घातला. दहा मिनिटांत नळ गप्प! पण काही मुले हसली. म्हणाली, "ह्याचा मामा नळवाला!" मला फार वाईट वाटले. माझा दादा दहावीत आहे. त्याला हेच काम शिकायचे आहे, पण बाबांना ते कमीपणाचे वाटते. म्हणून सुट्टीत मामाबरोबर फिरून जे पाहिले ते लिहितो.

काम कुठे आहे?
१९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित बांधव राहू लागले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणून तिथे अजून कॅम्प नंबर सांगून पत्ता सांगतात. पुढे घरे वाढली, मजले चढले. अंबरनाथ, बदलापूरलाही तसेच झाले. उल्हास नदी आणि बारवी धरण यांचे पाणी एवढ्या घरांत पोचवायचे तर पाइप हवेत आणि ते जोडणारे हातही हवेत.

प्लंबरला काय यावे लागते?
पहिले म्हणजे मोजमाप. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच असे पाइप असतात. एल्बोने पाइप वळवतात, टीने फाटा काढतात, सॉकेटने दोन पाइप जोडतात. लोखंडी पाइपला आटे पाडून त्यावर टेप गुंडाळतात. प्लॅस्टिकच्या पाइपला सोल्यूशन लावतात आणि ते सुकेपर्यंत पाणी सोडत नाहीत. घाई केली की जोड सुटलाच.

दुसरे म्हणजे विज्ञान. मला वाटायचे, टाकी मोठी म्हणजे जोर जास्त. मामा म्हणाला, "अरे, जोर उंचीने येतो." टाकीतले पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब पडतो. म्हणून गच्चीवर टाकी असूनही वरच्या मजल्यावर धार बारीक आणि खाली जोरात येते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आरोग्य. मागच्या पावसाळ्यात मामाच्या ओळखीच्या एका चाळीत घरोघर कावीळ झाली. मामाने शोधले, तर पाण्याचा पाइप गटारातून गेलेला आणि त्याचा एल्बो सडलेला. नळाला पाणी असते तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळते. पण पाणी गेले की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून गटाराची घाण आत ओढली जाते. मग दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर तीच आपल्या हंड्यात येते. पैसे वाचवायला कोणीतरी कच्चे काम करून घेतले होते. पाइप गटारापासून दूर आणि वर घेतला, तेव्हा पाणी स्वच्छ येऊ लागले. चांगला प्लंबर डॉक्टरच्या आधी आजार थांबवतो, असे मला वाटते.

प्लंबर कसे व्हावे?
मामा एका मिस्त्रीच्या हाताखाली सामान उचलता उचलता शिकला. पण तो सांगतो, "मला नकाशा वाचायला दहा वर्षं लागली. तू शाळेतच शीक." औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. अंबरनाथ आणि उल्हासनगर या दोन्ही ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. कोणत्या संस्थेत हा व्यवसाय शिकवतात आणि शिक्षण किती लागते, ते प्रवेशाच्या वेळी नीट पाहून घ्यावे. परीक्षा पास झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. मुलींनाही हे शिकता येते. पाण्याची खरी किंमत तर त्यांनाच जास्त ठाऊक!

बाबा पालकसभेला येतील तेव्हा हा लेख वाचतील. बाबा, दादाला शिकू द्या. त्याचे गणित चांगले आहे आणि तो घाई करत नाही.

सांगा पाहू : तुमच्या घरचा नळ दहा मिनिटांत १ लिटर गळतो. एका दिवसात किती लिटर पाणी वाया जाईल? उत्तर काढा आणि आधी वॉशर बदला!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी